न्यूट्रलची तार का तापते?

आधी एक कबुली देतो. मी गणिताचा प्राध्यापक आहे, वीजकामाचा नव्हे. घरातला फ्यूज उडाला तर आमच्याकडे शेजाऱ्यांना हाक मारतात, मला नाही. तरीही आज विजेच्या मोजमापावर बोलायला बसलो आहे. त्याला कारण झाले मुंबईच्या उपनगरातले एक कॉलेज आणि तिथली एक जळकी वायर.

कॉलेजाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथे संगणकांची एक मोठी खोली आहे. एके दुपारी मुलांना जळक्या प्लास्टिकचा वास आला. मेन स्विच बंद केला, डीबीचे झाकण उघडले. तीन फेजच्या तीन वायरी धडधाकट होत्या. चौथी, म्हणजे न्यूट्रलची वायर मात्र अशी तापली होती की तिच्यावरचे वेष्टन भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे सुटून आले होते. वायरमन जुना, कामाला चोख. त्याने दुसऱ्या दिवशी तात्पुरती वायर टाकली, टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजला आणि मला म्हणाला, "सर, तिन्ही फेज सारख्याच भरल्या आहेत. मग न्यूट्रलमध्ये करंट यायलाच नको. पुस्तकात असंच आहे ना?"

पुस्तकात असेच आहे. मी स्वतः वर्गात असेच शिकवले आहे.

पुस्तक काय म्हणते ते आधी पाहू. तीन फेजमधले प्रवाह एकाच वेळी चढत-उतरत नाहीत. प्रत्येकाची लहर आधीच्या लहरीपेक्षा एक-तृतीयांश फेरा मागे असते. तिघे गडी एका लोखंडी कडीला तीन बाजूंनी सारख्या जोराने ओढू लागले तर कडी जागची हलत नाही. तसे हे तीन सारखे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना पुरून उरतात आणि बाकी शून्य राहते. म्हणून तर जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची वायर फेजच्या निम्म्या जाडीची टाकण्याची पद्धत होती. काम नाही त्याला पगार कशाला, असा तो हिशेब.

आणि ही वायर जळून तुटली तर? हा प्रकार गावाकडे पुष्कळांनी पाहिला असेल. एका घरातले दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरातले एकाएकी भगभगून फुटतात. न्यूट्रल तुटल्यावर घराघराला मिळणारा २३० व्होल्टचा दाब कोणाच्याच ताब्यात राहत नाही. एका फेजवरचे घर दुसऱ्या फेजवरच्या घराशी एकापुढे एक जोडल्यासारखे होते आणि कमी भाराच्या घरावर दाब ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो. पंखा, टीव्ही, शाळेतला संगणक, सगळे क्षणात जाते. माणसाच्या जिवालाही धोका होतो. तेव्हा न्यूट्रल का तापते, हा प्रश्न नुसता बुद्धीचा खेळ नाही.

उत्तराकडे जाण्याचा सोपा रस्ता तंबोऱ्यावरून जातो. तंबोऱ्याची खर्जाची तार छेडा आणि कान देऊन ऐका. आपण छेडला षड्ज. पण जवारी चांगली लागली असेल तर त्या नादातून गांधार ऐकू येतो. कोणी तो वाजवलेला नसतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. त्याचे गणित साधे आहे. तार मूळ गतीने थरथरते, आणि त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीनेही थरथरते. तिप्पट गतीचा स्वर पंचम, पाचपट गतीचा गांधार. या पटीतल्या लहरींना इंग्रजीत हार्मोनिक म्हणतात आणि आपले वायरमनही आता तोच शब्द वापरतात, म्हणून मीही तोच वापरतो. फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने मांडलेल्या कल्पनेवर आजचे हे सारे मोजमाप उभे आहे: पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही वेडीवाकडी लहर एक मूळ लहर आणि तिच्या पटीतल्या शुद्ध लहरी यांची बेरीज म्हणून लिहिता येते. तो विचार करत होता उष्णता कशी पसरते याचा. त्याचे गणित उपयोगी पडले न्यूट्रलच्या वायरीला.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे करते. तेव्हा तिचा पंचम १५० फेऱ्यांचा आणि गांधार २५० फेऱ्यांचा. तंबोऱ्यात हे स्वर गोड लागतात, वायरीत ते तापतात.

आता हे स्वर येतात कुठून? जुना गोळ्याचा दिवा किंवा पाणी तापवायची कॉइल घ्या. दाब जसा चढेल तसा प्रवाह चढतो, उतरेल तसा उतरतो. लहर शुद्ध राहते. संगणक, एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर यांचे तसे नाही. यांना आतून एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. म्हणून आत डायोड आणि त्यामागे वीज साठवणारा कपॅसिटर असतो. ज्यांनी मुंबईच्या उपनगरातल्या जुन्या चाळी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. नळाला जोर असतो तेवढीच चार मिनिटे वरच्या मजल्यावरच्या पिंपात पाणी पडते. एरवी नळ उघडा असूनही कोरडा. तसेच इथे. दाबाची लहर माथ्यावर येते तेवढ्या क्षणी कपॅसिटर प्रवाहाचा एक मोठा घोट घेतो, मग गप्प बसतो. प्रवाहाची लहर गोल टेकडीसारखी न राहता सुळक्यासारखी होते. या सुळक्याचे फूरियेच्या रीतीने पृथक्करण केले की त्यात मूळ लहरीखेरीज तिसरी, पाचवी, सातवी अशा विषम लहरी सापडतात, आणि त्यांत तिसरी सर्वांत बलवान असते.

गोष्टीचा गाभा आता आला. लेझमीची तीन पथके आहेत असे समजा. पहिले पथक सुरू झाल्यावर एक-तृतीयांश आवर्तनाने दुसरे सुरू होते, आणखी तेवढ्यानेच तिसरे. तिघांचे ठेके वेगवेगळ्या क्षणी पडतील. पण प्रत्येक पथकात एकेक पोरगा असा आहे की तो तिप्पट लयीत वाजवतो. त्याचे एक आवर्तन म्हणजे मूळ आवर्तनाचा बरोबर तिसरा हिस्सा. मग त्या तीन पोरांचे काय होईल? ते तिघे एकाच क्षणी खणकतील. तिसऱ्या हार्मोनिकचे नेमके हेच होते. मूळ लहरी न्यूट्रलमध्ये एकमेकींना मारतात. तिसऱ्या लहरी मात्र तिन्ही फेजमधून हातात हात घालून येतात आणि तिथे त्यांची बेरीज होते.

कॉलेजातला माझा एक जुना विद्यार्थी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. त्याच्याकडे पॉवर अ‍ॅनालायझर नावाचे यंत्र होते. ते घेऊन तो एका शनिवारी आला. जे दिसले ते सांगतो, पण आकडे हिशेबासाठी गोल केले आहेत आणि पाचवी-सातवी लहर सोडून दिली आहे. शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून पाहावे. प्रत्येक फेजमध्ये मूळ लहर १६ अँपिअर, तिसरी लहर १२ अँपिअर. एकूण प्रवाह मात्र २८ नव्हे. वेगवेगळ्या गतीच्या लहरींची बेरीज पायथागोरसच्या रीतीने होते: १६ चा वर्ग २५६, १२ चा वर्ग १४४, बेरीज ४००, वर्गमूळ २०. प्रत्येक फेजमध्ये २० अँपिअर. न्यूट्रलमध्ये मूळ लहरींची बाकी शून्य. तिसऱ्या लहरींची बेरीज बारा त्रिक छत्तीस. ज्या वायरीत काहीच नसावे तिथे ३६ अँपिअर! वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. सारख्या जाडीची वायर असली तरी फेजच्या सव्वातीनपट उष्णता; निम्म्या जाडीची असली तर साडेसहापट. वांग्याची साल सुटली ती यामुळे. पाचवी, सातवी वगैरे लहरी हिशेबात धरल्या तर न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या सुमारे पावणेदोन पटीपर्यंत जाऊ शकतो, असे समजायला हरकत नाही.

मग वायरमनच्या टाँग टेस्टरने काय सांगितले होते? त्याने फेजमध्ये साडेसोळा अँपिअर दाखवले होते, २० नव्हे. त्याचा दोष नाही, मीटरचाही फारसा नाही. स्वस्त मीटर लहरीची सरासरी उंची मोजतो आणि लहर शुद्धच आहे असे गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. शुद्ध लहरीला हे बरोबर लागते. सुळक्याला लागत नाही. तिथे मीटर कमी दाखवतो. ज्या मीटरवर 'ट्रू आरएमएस' असे लिहिलेले असते तो प्रत्येक क्षणाच्या प्रवाहाचा वर्ग घेऊन मग सरासरी काढतो, म्हणून तो खरा आकडा देतो. शाळेसाठी नवा मीटर घ्यायचा झाल्यास हे दोन शब्द तेवढे पाहून घ्या. आणि न्यूट्रलला चिमटा लावून पाहण्याची आमच्या वायरमनला आजवर कधी गरजच पडली नव्हती. पुस्तकात तिथे शून्य होते ना!

पॉवर अ‍ॅनालायझर यापुढे जातो. त्याच्या आत जादू काही नाही. दाबाच्या चार तारा तीन फेज आणि न्यूट्रल यांना जोडतात, आणि प्रत्येक वायरीभोवती एकेक चिमटा बसवतात. यंत्र सेकंदाला हजारो वेळा दाब आणि प्रवाह टिपते, त्याच क्षणाचे दोन आकडे एकमेकांना गुणते आणि गुणाकारांची सरासरी काढते. ती सरासरी म्हणजे वॅट, म्हणजे प्रत्यक्ष काम. मग ५० फेऱ्यांच्या विजेचे दहा फेरे, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, एकत्र घेऊन फूरियेच्या रीतीने त्यांचे पृथक्करण करते आणि पडद्यावर उभ्या काठ्या काढते: पहिली, तिसरी, पाचवी, बहुधा पन्नासाव्यापर्यंत. पन्नासावी लहर सेकंदाला २५०० फेऱ्यांची, आणि कोणतीही लहर ओळखायची तर तिच्या एका फेऱ्यात दोनापेक्षा अधिक वेळा नोंद घ्यावी लागते. म्हणून सेकंदाला ५००० हून अधिक नोंदी लागतातच.

यंत्र हुशार असले तरी जोडणाऱ्याची चूक त्याला कळत नाही. चिमट्यावर बाण असतो. तो भाराच्या दिशेने हवा. चिमट्यात एकच वायर हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या तर येणारा आणि जाणारा प्रवाह एकमेकांना मारतो आणि पडद्यावर शून्य दिसते. आमच्याकडे पहिल्या जोडणीत एक चिमटा उलटा बसला होता. तीन फेजचे मिळून ११,०४० वॅट यायचे, तिथे ३,६८० आले. दोन फेज जमेस आणि एक वजा! माझा विद्यार्थी ओशाळला, पण मला तो क्षण फार आवडला. वर्गात मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

त्या ३,६८० मध्ये आणखी एक गंमत आहे. २३० व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ४,६०० होतात. मग एका फेजचे काम ३,६८० वॅटच का? दाबाची लहर शुद्ध धरली तर तिच्याबरोबर फक्त प्रवाहाची मूळ लहर काम करते. २३० गुणिले १६, म्हणजे ३,६८०. तिप्पट गतीच्या लहरीचा दाबाशी गुणाकार जितका वेळ धन येतो तितकाच ऋण, सरासरी शून्य. १२ अँपिअर वायरीतून फिरतात, वायर तापवतात, आणि संगणकासाठी एका वॅटचेही काम करत नाहीत. भाईंदरहून चर्चगेटला जाणारा माणूस बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा विरारला जातो, हे लोकलने फिरणाऱ्यांना माहीत आहे. गाडीत तो जागा अडवतो, गाडीवर त्याचा भार पडतो, पण विरारपर्यंतचा त्याचा प्रवास कोणाच्या कामाचा? प्रत्यक्ष कामाला या एकूण फिरतीने भागले की जो अपूर्णांक येतो त्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. इथे तो ०.८.

घरगुती बिल वॅटच्या हिशेबाने, म्हणजे युनिटने येते. म्हणून घरात हा भार जाणवत नाही. पण महाराष्ट्रात महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे या एकूण फिरतीवर होऊ लागली. तेव्हापासून कारखानदारांना पॉवर अ‍ॅनालायझरची एकाएकी आठवण येऊ लागली आहे. खिशाला चिमटा बसल्याशिवाय वायरीला चिमटा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

मुंबईची उपनगरे या विषयाची जुनी शाळाच आहेत. खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातली वीज १९१५ पासून मुंबईला येऊ लागली. १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली आणि उपनगरांतल्या घराघरांत दिवे लागले. पुढे तो कारभार रिलायन्सकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानींकडे गेला; मुलुंड-भांडुपकडे महावितरण आहे. मालक बदलले, लहर तीच. रेल्वेचे मात्र तसे नाही. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या त्या १५०० व्होल्टच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ती वीज मार्गावरच्या उपकेंद्रांत प्रत्यावर्ती विजेपासून तयार करावी लागे. एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने हे सारे मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर नेले; हार्बर मार्गावरची जुन्या पद्धतीची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. जून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोही २५,००० व्होल्टवरच चालते. आता विजेचे रूपांतर गाडीच्या पोटात होते. रूपांतर आले की प्रवाहाची कापाकापी आली, आणि कापाकापी आली की हार्मोनिक आले, मग ती लोकल असो की खिशातला चार्जर. यांची घाण एकाने करायची आणि शेजाऱ्याने सोसायची असे होऊ नये म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००७ सालच्या नियमांनी जोडणीच्या ठिकाणी मर्यादा घातल्या: दाबात सर्व हार्मोनिक मिळून ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, कोणतेही एक ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. या मर्यादा पाळल्या जातात की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही. मोजावेच लागते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मुंबईचे झाले, आमच्या गावाचे काय? शाळेत वीस संगणक आले, घरोघर एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर आले, की गावातही तिसरी लहर आली. गावच्या डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरची ११,००० व्होल्टची गुंडाळी त्रिकोणी जोडणीची असते. तिसरी लहर त्या त्रिकोणात अडकून गोल गोल फिरते आणि ट्रान्सफॉर्मर तापवते. पिठाच्या गिरणीची साधी मोटर हा उपद्रव फारसा करत नाही. पण तिला वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला की पाचवी आणि सातवी लहर येते. त्यांचा न्यूट्रलला त्रास नाही, कपॅसिटरला आहे. पॉवर फॅक्टर सुधारावा म्हणून पंपाला किंवा गिरणीला आपण कपॅसिटर लावतो ते योग्यच. मात्र लहर जितक्या पट गतीची तितक्या पट सोपा रस्ता कपॅसिटर तिला देतो. त्यातून ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर यांचा स्वर एकदा जुळला की तंबोऱ्याच्या तारेसारखे ते एकमेकांना झणझणवतात. हिशेब पाहा. २५० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्याचा अंतर्गत अडथळा ४ टक्के. २५० ला ०.०४ ने भागले की ६,२५०. कपॅसिटर १२५ केव्हीएआरचा असेल तर ६,२५० भागिले १२५ म्हणजे ५०, आणि ५० चे वर्गमूळ जवळजवळ ७. सातव्या लहरीशी स्वर जुळला! असा कपॅसिटर फुगतो, फुटतो, आणि लोक कंपनीला दोष देत दुसरा आणून लावतात. तोही फुटतो. आधी मोजले असते तर कपॅसिटरबरोबर योग्य मापाची चोक बसवून हे टळले असते.

पॉवर अ‍ॅनालायझर महाग यंत्र आहे, शाळेला ते परवडणार नाही हे मला माहीत आहे. पण दोन गोष्टी विनाखर्च होतात. आलेख कागदावर १६ उंचीची एक लहर काढा, तिच्यातून १२ उंचीची तिप्पट गतीची लहर वजा करा आणि सुळका कसा उभा राहतो ते मुलांना पाहू द्या. मग तशीच आकृती एक-तृतीयांश फेरा सरकवून दोनदा काढा आणि तिन्हींची बेरीज करायला सांगा. दुसरी गोष्ट रेडिओची. मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावून ट्रान्झिस्टर एखाद्या हलक्या एलईडी दिव्याजवळ न्या. करकर ऐकू येते. ती करकर या पन्नास काठ्यांतली नव्हे बरं का, ती फार वरच्या गतीची आहे. पण दिवा वीज सरळ न घेता तुकड्यातुकड्यांनी घेतो एवढे तिने कळते. डीबीचे झाकण मात्र शिक्षकांनी उघडू नये. ते परवाना असलेल्या वायरमनचे काम. फक्त त्याला एवढे सांगा, की चिमटा न्यूट्रललाही लाव.

त्या कॉलेजात पुढे तिन्ही फेजना वेगवेगळ्या, फेजइतक्याच जाडीच्या न्यूट्रल वायरी टाकल्या आणि डीबीपासून मेनपर्यंतची न्यूट्रल दुप्पट जाडीची केली. वायरमनने भिंतीवर एक वही टांगली आहे. दर महिन्याला तो त्यात आकडे लिहितो. रकाने चार, आणि न्यूट्रलचा रकाना त्याने सर्वांत आधी आखला आहे.